लुरलीन मेटोयेचा डावा खुबा

सेंट क्लॉड अव्हेन्यूच्या सिग्नलला गाडी थांबवून लुरलीन मेटोये डेस्मंड फॉशेकडे बघत होती. प्रत्यक्ष फॉशेकडे नाही, त्याच्या पंचवीस फुटी फोटोकडे. न्यू ऑर्लिन्समध्ये राहायचं आणि फॉशेकडे बघायचं नाही हे जमतच नाही, कारण तो बसच्या पाठीवर आहे, बाकड्यावर आहे, आणि चर्चमध्ये उकडायला लागलं की हातात देतात त्या पुठ्ठ्याच्या पंख्यावर पण आहे, पुढच्या बाजूला येशू आणि मागच्या बाजूला वकील. या फोटोत त्याने सुटावर लाल बॉक्सिंग ग्लोव्ह्ज घातले होते आणि खाली लिहिलं होतं, 'अपघात झाला? ठोसा मी मारतो.' या माणसाने भुवया रंगवल्यात, पैजेवर सांगते रंगवल्यात, असं लुरलीनच्या मनात येतंय तोवर मागून गोठवलेल्या कोळंबीचा ट्रक तिच्या गाडीत घुसला.

ट्रकवाला खाली उतरला आणि पहिलं वाक्य काय बोलला तर, "मॅडम, तुम्ही अचानक थांबलात."

सिग्नल लाल होता. लाल सिग्नलला माणूस थांबतो, त्याची आधी पत्रिका काढत नाही. पण हे त्याला सांगायला लुरलीनला जमलं नाही, कारण तिचा डावा पाय तिच्या सांगण्याबाहेर गेला होता. स्ट्रेचरवर उताणी घातली तेव्हा वर आभाळ नव्हतं, फॉशे होता. तिने तिथेच अँब्युलन्सच्या पोराला सांगितलं, "तो नंबर लिहून घे."

लुरलीन म्हणजे सातव्या वॉर्डातल्या शाळेच्या स्वयंपाकघरातली लुरलीन, सव्वीस वर्षं. सोमवारी लाल राजमा आणि भात, आणि बाकीचे चार दिवस सरकार सांगेल तो चिखल. तिच्या हातचा राजमा खाऊन मोठी झालेली पोरं आज पोलिसात आहेत, एक पाद्री झाला, दोघं तुरुंगात आहेत आणि एक नगरसेवक आहे. शेवटचे तिघं ती एकत्रच मोजते. दोन नवरे होऊन गेले. दोघंही जेवायला चांगले होते, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

पण रविवारची लुरलीन वेगळी. रविवारी ती 'पारव्या'मधली लुरलीन. पारव्या म्हणजे बायकांचा नाचाचा क्लब. वर्षातून एका रविवारी त्यांची स्वतःची मिरवणूक, आणि एरवी कोणाचंही लग्न, वाढदिवस, दफन, काहीही असो, बँडच्या मागे नाचत जायचं. आणि नाचात लुरलीन खाली जायची. म्हणजे अख्खी रांग ढोलावर पाय टाकत असताना ही एकटी डाव्या पायावर सावकाश खाली, खाली, अजून खाली, झग्याची झालर रस्त्याला लागेपर्यंत, आणि मग ट्रॉम्बोन वर चढला की त्याच्याबरोबर हीसुद्धा वर. एकसष्टाव्या वर्षी. लोक व्हरांड्यातून उठून उभे राहायचे. तिचा फोटो दोन न्हाव्यांच्या दुकानात आणि एका दातांच्या डॉक्टरकडे लागलेला आहे.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने क्ष-किरणाचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाला, हा सांधा गेला, नवीन बसवावा लागेल. नाही बसवला तर काठी, मग वॉकर, मग चाकाची खुर्ची. म्हणजे शाळेतला मोठा टोप उचलणं संपलं, म्हणजे नोकरी संपली, आणि खाली जाणं तर विसराच. ट्रकच्या विमा कंपनीने पत्र पाठवलं. गाडीचा बंपर आम्ही देऊ. खुबा मात्र आधीपासूनच झिजलेला होता, वयामुळे, वजनामुळे आणि आमच्या माहितीनुसार दावेदाराच्या नाचाच्या सवयीमुळे.

"वजनामुळे," लुरलीन म्हणाली. शेजारणीला, ओझीलियाला, ती हे पत्र व्हरांड्यात वाचून दाखवत होती. ओझीलिया तिची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. पारव्यांमध्ये दोघी एकाच दिवशी शिरलेल्या.

"तुझं वजन काय त्यांनी उचलून बघितलं?"

"मी काय करू ते सांग."

"तो बॉक्सर वकील आहे ना? लाव त्याला फोन. पैसे घेतो का आधी?"

"जिंकलो तर तिसरा हिस्सा त्याचा. हरलो तर काही नाही."

"म्हणजे दुसऱ्या नवऱ्यापेक्षा बराय," ओझीलिया म्हणाली.

फॉशेचं ऑफिस शहराच्या उंच इमारतींमध्ये, सोळाव्या मजल्यावर. लिफ्ट उघडली की समोर पुठ्ठ्याचा उभा फॉशे, ग्लोव्ह्ज घालून, आणि त्याच्या गळ्यात हात टाकून मान अवघडलेले लोक फोटो काढत होते. लुरलीनने खरा फॉशे मागितला. टेबलामागची मुलगी म्हणाली, ते लढायला गेलेत. नंतर कळलं की नवीन जाहिरातीच्या शूटिंगला गेला होता. त्याच्याऐवजी आयव्ही डुसेट आली. सत्तावीस वर्षांची, चष्मा, चपटे बूट, राज्याच्या अगदी उत्तर टोकाची, जिथे लोक कट्टर बाप्टिस्ट असतात आणि नाच म्हणजे सैतानाचं काम मानतात. लुरलीनने तिला वरून खाली बघितलं.

"बाळ, तू ठोसा मारतेस का?"

"मी अर्ज लिहिते, मिस लुरलीन. पण चांगले लिहिते."

हे उत्तर लुरलीनला आवडलं. तिने सह्या केल्या. मग आयव्हीने नियम सांगितले. काहीही जड उचलायचं नाही, काठीशिवाय बाहेर पडायचं नाही, फेसबुकवर काही टाकायचं नाही. विमा कंपनी तुमच्या मागावर माणूस लावेल, गाडीत बसून कॅमेऱ्याने शूटिंग करेल, किराणा उचलतानाचं एक चित्र मिळालं तरी ते म्हणतील, बघा, बाई ठणठणीत आहे. "आणि नाचायचं नाही."

"किती दिवस?"

"दावा मिटेपर्यंत. दीड वर्ष धरा."

"पोरी, दीड वर्षात इथे किती माणसं मरतात, काही कल्पना आहे का तुला?"

आयव्हीला मरणाचा आणि नाचाचा संबंध कळला नाही. ती वहीत 'ताण आहे' असं लिहून मोकळी झाली.

सात महिने लुरलीनने नियम पाळले. खरंच पाळले. पारव्यांची मिरवणूक तिच्या व्हरांड्यापुढून गेली तेव्हा ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती, आणि रांगेच्या पुढे क्लबची अध्यक्ष पर्लिन दुप्लेसी, पिसांचा पंखा फिरवत, मुद्दाम तिच्या पायरीपुढे दोन मिनिटं जास्त नाचली. पर्लिनचं आणि लुरलीनचं तीस वर्षांचं वैर आहे. पर्लिन शहराची बस चालवते, आणि लुरलीनच्या नाचाबद्दल तिचं एकच मत, 'मीठ कमी'. कुठल्या पार्टीत, कोणासमोर म्हणेल सांगता येत नाही.

आणि मग ओझीलिया गेली. साखरेने आधी एक पाऊल नेलं, मग मूत्रपिंडं. शेवटच्या आठवड्यात लुरलीन काठी टेकत रोज हॉस्पिटलात जायची. ओझीलिया म्हणाली, "ए, मला चालत नको नेऊस. नाचत ने." लुरलीन म्हणाली, "नेते." दोघींनी त्यावर जास्त काही चर्चा केली नाही. टीव्हीवर कोणीतरी डुकराचं मांस भाजत होतं, तो ते चुकीचं भाजतोय यावर मात्र तासभर बोलल्या.

दफनाच्या आदल्या दिवशी आयव्हीचा फोन. "मिस लुरलीन, मला फार वाईट वाटतंय. जा तुम्ही. पण फक्त चाला. माझ्यासाठी. तुमच्या खुब्यासाठी."

"हो, बाळ."

आणि ती चाललीच. चर्चपासून पहिला तुकडा संथ भजनाचा असतो, बँड एकेक सूर जमिनीवरून ओढत नेतो, सगळे डोकं खाली घालून पावलं टाकतात. काठी घेऊन ते जमतं. ओझीलियाचा फोटो छापलेले टीशर्ट सगळ्यांनी घातलेले, फोटो नेमका तिला न आवडणारा. मग शववाहिका वळली आणि दफनभूमीकडे सुटली. त्या क्षणी शरीर मोकळं झालं असं आम्ही मानतो, इथून पुढे रडायचं नाही. ढोलावर थाप पडली. सॅक्सोफोन उसळला. अख्खी रांग क्लेबॉर्नच्या पुलाखाली शिरली, आणि त्या पुलाखाली पितळी वाद्यांचा आवाज वरच्या सिमेंटला आपटून दुप्पट होऊन डोक्यावर पडतो. तिथे मेलेला माणूस पण बसून राहणार नाही, आणि लुरलीन तर जिवंत होती.

तिने काठी बाजूच्या बाईकडे दिली आणि नाचताना धरतात ती छत्री उघडली.

त्या गर्दीत एक माणूस न हलता उभा होता. खाकी टोपी, हातात छोटा कॅमेरा. एवढ्या लोकांत जो हलत नाही तो एकतर पोलिस नाहीतर विमावाला, हे पाच वर्षांच्या पोराला पण कळतं. कोणीतरी त्याच्या हातात बिअरचा डबा दिला, त्याने तो घेतलासुद्धा.

तीन आठवड्यांनी आयव्हीने लुरलीनला ऑफिसात बोलावलं. तिचा चेहरा दफनावरून आल्यासारखा. तिने कॉम्प्युटर फिरवून दाखवला. अकरा मिनिटांची फिल्म. पुलाखालची रांग, आणि मधोमध छत्री घेतलेली लुरलीन.

"हे काय आहे, मिस लुरलीन?"

"ओझीचं दफन."

"तुम्ही नाचताय."

लुरलीन बघत राहिली. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ती म्हणाली, "याला तू नाच म्हणतेस?"

"मला त्यातलं काही..."

"हे थांबव. मागे ने. इथे, ढोलावर थाप पडली. इथे मी खाली जायला हवं होतं. गेले का? नाही. वाकले, झाडूवाली वाकते तशी. डावा पाय बघ, खिळा ठोकलाय जमिनीला. छत्री बघ कशी धरलीय, काठीसारखी टेकून धरलीय, छत्री अशी धरतात? ट्रॉम्बोन गेला पुढे आणि मी अजून मागच्या ओळीत. देवा, या बाईला कोणीतरी घरी न्या." तिचे डोळे वाहत होते आणि ती अजून बोट दाखवतच होती. "आणि हे चित्र सारखं वरखाली का होतंय?"

दोघींनी नीट बघितलं. चित्र ढोलाबरोबर वरखाली होत होतं. खाकी टोपीवाला शेवटी हललाच होता. अकरा मिनिटांपैकी नऊ मिनिटं त्याचा कॅमेरा तालात होता.

"तो माझ्यापेक्षा बरा नाचलाय," लुरलीन म्हणाली.

आयव्ही खुर्चीत सावकाश मागे टेकली. बाप्टिस्ट असली तरी तिला आता कळलं होतं. "मिस लुरलीन. हे जे आत्ता बोललात ना, डावा पाय, छत्री, खाली न जाणं. हेच शपथेवर बोला. मी गेल्या वर्षीच्या मिरवणुकीची फिल्म शोधते, ती शेजारी लावू. त्यांनीच पुरावा आणून दिलाय आपल्याला. फक्त तुम्ही म्हणायचं की तुम्ही त्या दिवशी वाईट नाचलात."

"नाही."

"का?"

"ओझीला शब्द दिला होता, नाचत नेईन. आता कागदावर लिहून देऊ की लंगडत नेली?"

"त्या कागदावर तुमचा खुबा अवलंबून आहे."

"माहितीय. खुबा माझाच आहे."

तरी जबाबाच्या दिवसापर्यंत आयव्हीने तिला तयार केलं. फोनवर रोज सराव. वाईट नाचले. परत बोला. वाईट नाचले. लुरलीन ते वाक्य असं बोलायची जसं कोणी औषध नाकात ओततंय.

जबाब कोर्टात नव्हता, ऑफिसातच होता, लांब टेबलाशी. एका टोकाला टायपिस्ट बाई, प्रत्येक शब्द लिहून घेणारी. विमा कंपनीचा वकील ह्यूस्टनहून विमानाने आलेला, प्रेस्कॉट हेल. अतिशय सभ्य माणूस, आवाज गार पाण्यासारखा. त्याने फिल्म लावली.

"मॅडम, या चित्रातली बाई तुम्ही आहात?"

"हो."

"काय करताय तुम्ही?"

"मैत्रिणीला पोचवतेय."

"नाचत?"

"इथे तसंच पोचवतात."

"दुखत होतं?"

"खूप."

"आणि तरीही," हेल म्हणाला, आणि त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं तो कुठे बोट घालतोय, "तरीही तुम्ही किती छान नाचलात, नाही का?"

टायपिस्टची बोटं थांबली. पडद्यावर ओझीलियाचा तो न आवडणारा फोटो शंभर टीशर्टांवर हलत होता. लुरलीनने त्या फोटोकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "ओझीलियासाठी मी छान नाचले."

टक टक टक, टायपिस्टने लिहून घेतलं.

लिफ्टमध्ये आयव्ही एक शब्द बोलली नाही. नवव्या मजल्यावर लुरलीनला राहवेना. "रागावलीस?"

"नाही."

"मग बोल की."

"आमच्या घरी राग आला की प्रार्थना करतात. तेच करतेय."

चौथ्या मजल्यावर प्रार्थना संपली. आयव्ही म्हणाली, "आता एकच रस्ता आहे. साक्षीदार पाहिजे. ज्याला नाचातलं कळतं, ज्याने तुम्हाला वर्षानुवर्षं बघितलंय, आणि जो तुमचा मित्र नाही. म्हणजे तुमच्यासाठी खोटं बोलतोय असं त्यांना म्हणता यायला नको. असं कोणी आहे?"

लुरलीनला नाव त्याच क्षणी सुचलं. ते तोंडातून बाहेर पडायला तिला तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी सकाळी ती पर्लिनच्या बसमध्ये चढली. काठी, पर्स, तिकीट, आणि थेट पुढची सीट. वर पाटी, 'चालकाशी बोलू नये.'

"तू," पर्लिन आरशात बघून म्हणाली. "टॅक्सी परवडत नाही वाटतं."

"तुझ्याशी बोलायचंय."

"पाटी वाच."

"पर्लिन, ओझीच्या दफनाला मी कशी नाचले?"

पर्लिनने आरशात तिच्याकडे नीट बघितलं. तीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. "खरं सांगू?"

"खरं सांग."

"चाकांवर ठेवून फ्रिज ढकलतात ना, तशी."

लुरलीनने खिडकीबाहेर बघत दोन गल्ल्या जाऊ दिल्या. "हेच शपथेवर सांगशील का? वकिलांसमोर? टायपिस्ट असते, सगळं लिहून घेते."

बस थांबली. तिथे स्टॉप नव्हता. "परत बोल."

"ऐकलंस तू."

"मी सांगायचं. सरकारी कागदावर. की तुला नाचता येत नाही."

"की त्या दिवशी नाचता आलं नाही. त्या दिवशी, पर्लिन."

मागून एक म्हातारा ओरडला, "पर्लिन, माझा डॉक्टर दहाला आहे."

"बस जरा, मिस्टर आर्मंड. माणसाच्या आयुष्यात असं एकदाच होतं," पर्लिन म्हणाली, आणि मग लुरलीनला, जरा खालच्या आवाजात, "हॅट घालून येऊ का?"

हॅट घालून आली. जांभळी, एवढी मोठी की टायपिस्टला खुर्ची सरकवावी लागली. वर अध्यक्षपदाचा पट्टा. लुरलीन आयव्हीच्या शेजारी बसली होती, आणि आयव्हीने टेबलाखाली तिचं मनगट धरून ठेवलं होतं, कुत्र्याचा पट्टा धरतात तसं.

आयव्हीने दोन फिल्मा शेजारी शेजारी लावल्या. पर्लिनने सुरुवात केली आणि काय सुरुवात केली. फ्रिजपासून. मग पाय कुठे असायला हवा होता आणि कुठे होता. मग छत्री. मग एकूण मीठ. हेलने हात वर केला. "पण मॅडम, दावेदार स्वतः म्हणतात त्या छान नाचल्या."

"खोटं बोलतेय ती," पर्लिन म्हणाली. "नाचाच्या बाबतीत तीस वर्षं खोटं बोलतेय."

लुरलीन उठायला लागली. आयव्हीने मनगट खाली ओढलं.

"गेल्या वर्षीची बघा," पर्लिन म्हणाली, आणि तिच्या आवाजातला मसाला जरा उतरला. "ही उजवीकडची फिल्म. इथे खाली जाते बघा. मी वयाच्या विसाव्या वर्षापासून प्रयत्न करतेय, मला एवढं खाली जाता येत नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही आणि कोणी तिला सांगणार नाही." सगळ्यांनी लुरलीनकडे न बघायचा प्रयत्न केला. "आता डावीकडची. पुलाखाली मी तिच्या शेजारी होते. डावा पाय उचलताना ती 'ओझी' म्हणत होती. प्रत्येक वेळी. ओझी, ओझी. मला वाटलं दुःख आहे. मग बघितलं तर खालचा ओठ चावून फुटला होता. दुखत होतं बाईला. मी म्हटलं, बाजूला हो, तर मला म्हणाली, तू तुझं बघ. शेवटपर्यंत आली. एकदाही खाली गेली नाही. लुरलीन मेटोये ओझीलियाच्या दफनाला खाली गेली नाही, तर साहेब, तो खुबा मेलाय. आमच्या वॉर्डात कोणालाही विचारा."

हेलने तिथे थांबायला हवं होतं. नाही थांबला. "एवढं दुखत होतं, तर त्या थांबल्या का नाहीत?"

पर्लिनने हॅट सरळ केली. "तुमच्याकडे माणूस मेला की काय करतात?"

हेल गोंधळला. "म्हणजे... फुलं पाठवतो."

पर्लिन टायपिस्टकडे वळली. "हे पण लिहा."

टायपिस्ट इथलीच, ट्रेमे वस्तीतली. तिने ते जरा जोरातच टाइप केलं.

सहा आठवड्यांनी ह्यूस्टनने, म्हणजे विमा कंपनीने, मान टाकली. खटला नको, तडजोड करू. नवीन खुबा, त्याचं ऑपरेशन, बुडालेला पगार. आयव्हीने फोनवर सांगितलं तेव्हा लुरलीन राजम्यात डुकराचं खारवलेलं मांस टाकत होती. तिने गॅस बारीक केला आणि खुर्चीवर बसली.

सह्यांच्या दिवशी परत तेच टेबल. हेल आला होता, त्याला संध्याकाळचं विमान पकडायचं होतं. लुरलीनने साक्षीदार म्हणून सही करायला पर्लिनला आणलं होतं. का आणलं ते दोघींनाही नीट सांगता आलं नसतं. आयव्ही पान उलटत एकेक कलम समजावत होती आणि लुरलीन मान हलवत होती, सातव्या पानापर्यंत.

"इथे लिहिलंय की कंपनी ही रक्कम देतेय, पण अपघातात आपली काही चूक होती असं कंपनी मान्य करत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तसं लिहितात. सगळेच लिहितात."

"ट्रक माझ्या गाडीत घुसला. खुबा मोडला. पैसे देणार. पण चूक नाही?"

"मान्य नाही," आयव्ही म्हणाली. "चूक नव्हती असंही म्हणत नाहीत. फक्त मान्य करत नाहीत."

"आणि असं लिहिता येतं?"

"येतं."

लुरलीनने पेन खाली ठेवलं. "मग माझं पण लिहा."

हेल म्हणाला, "मॅडम?"

"मी पैसे घेतेय. पण ओझीलियाच्या दफनाला मी वाईट नाचले असं मी मान्य करत नाही. तुमच्या वाक्याच्या खाली. तेवढ्याच जाड अक्षरात."

आयव्हीने टेबलावर कपाळ टेकवलं. बहुतेक प्रार्थना. हेलने घड्याळ बघितलं, बाहेर जाऊन ह्यूस्टनला फोन लावला. काचेपलीकडे तो बराच वेळ हातवारे करत होता, एकदा तर त्याने स्वतःची काल्पनिक छत्री धरून दाखवली. परत आला आणि म्हणाला, "चालेल."

आयव्हीने टाइप केलं, छापलं, आणलं. 'दावेदार लुरलीन मेटोये यादेखील आपण सदर दिवशी वाईट नाचलो असे मान्य करत नाहीत.' लुरलीनने दोनदा वाचलं आणि सही केली, पूर्ण नाव, मोठ्या अक्षरात. मग कागद पर्लिनकडे सरकवला.

पर्लिनने चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला.

"मी याच्याखाली सही करणार नाही."

"कर गं."

"शपथेवर उलट सांगितलंय मी. मला आत टाकतील."

"कोणी टाकत नाही. साक्षीदाराची सही म्हणजे मी सही करताना तू बघितलीस, एवढंच. हो ना गं आयव्ही?"

"एवढंच," आयव्ही कपाळ न उचलता म्हणाली.

"बघितलं तर मी खूप काही," पर्लिन म्हणाली. ती पेन घेऊन बसली, हेलचं विमान जवळ येत होतं, आणि शेवटी तिने सही केली. पण सहीच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'वरील वाक्य साक्षीदाराला मान्य नाही.' लुरलीनने ते वाचलं, पर्लिनकडे बघितलं, आणि कोणी खोडायच्या आत कागद हेलच्या पुढ्यात ढकलला. हेलने काही न वाचता तो बॅगेत टाकला.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी सहाला लुरलीन ऑपरेशनसाठी उपाशीपोटी हॉस्पिटलच्या दारात होती. पर्लिनने सोडलं होतं, बसने, ठरलेला मार्ग सोडून, आतल्या सात प्रवाशांना न विचारता.